मतांगीकारातील ‘मी’

इ. स. 325 मध्ये निकेयाच्या धर्मपरिषदेने सिद्ध केलेला ख्रिस्ती मतांगीकार मूळ ग्रीकमध्ये ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असा आरंभ करतो. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, ही एरियसच्या मताविरुद्ध बिशपांनी दिलेली सामुदायिक साक्ष होती. पुढे उपासनेत ‘आम्ही’चा ‘मी’ झाला. रोमन कॅथलिकांच्या इंग्रजी पाठात 2011 साली ‘आम्ही’ जाऊन ‘मी’ आला. त्याच वेळी ‘एकतत्त्व’ या अर्थाचा सुबोध शब्दप्रयोग वगळून ‘कन्सब्स्टॅन्शियल’ हा शब्द योजिला गेला. भाषांतर लॅटिनशी प्रामाणिक आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि समुदायाच्या साक्षीत अर्थ न उमगताही सहभागी होता येते. ‘मी’ म्हणणाऱ्यास तो ठाऊक असावा लागतो. सर्वनाम व्यक्तिगत आणि शब्द दुर्बोध करणे, म्हणजे न वाचलेल्या कागदावर उपासकाचा अंगठा घेणे होय.