फाइल उघडली म्हणजे पुस्तक उघडलं असं नाही

संशोधनाची तयारी करताय, तर आज ना उद्या तुमच्या प्रबंधात हे वाक्य येणार: "सदर ग्रंथात या गावाचा उल्लेख आढळत नाही." ते लिहायच्या आधी जरा थांबा. हल्ली या वाक्याचा खरा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की कुणीतरी फाइल उघडली, कंट्रोल आणि एफ दाबलं, गावाचं नाव टाकलं आणि उत्तर शून्य आलं. उल्लेख ग्रंथात नाही, की फाइलमध्ये सापडला नाही? या दोन गोष्टींमधला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या निष्कर्षावर परीक्षकाने विश्वास का ठेवावा?

म्हणून आज पुस्तकाचं नाही, पुस्तकाच्या फाइलचं परीक्षण करू. उदाहरणं आपल्या वसईचीच घेतली आहेत.

उत्तर कोकणावर काम करणाऱ्याला दोन ग्रंथ चुकवता येत नाहीत. पहिला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला ठाणे जिल्हा. त्याचा तेरावा खंड दोन भागांत आहे आणि चौदावा खंड स्थळांच्या नोंदींचा. हे सगळं १८८२ मध्ये छापलं गेलं. वसई आणि सोपारा या नोंदी चौदाव्या खंडात आहेत. दुसरा ग्रंथ म्हणजे 'महिकावतीची बखर', वि. का. राजवाडे यांनी संपादित करून १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली. राजवाडे १९२६ मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे ही पुस्तकं आता सगळ्यांची आहेत आणि संगणकावर मोफत मिळतात. विरारहून सकाळची लोकल पकडून मुंबईच्या ग्रंथालयात जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तेच पुस्तक घरी उघडतं, ही लहान गोष्ट नाही. पण मोफत मिळालेल्या वस्तूलाही पारखून घ्यायचं असतं.

आधी फॉरमॅट समजून घ्या, थोडक्यात.

पीडीएफ हा छापील पानाचा फोटो-बंधू. अ‍ॅडोबीने तो १९९३ मध्ये आणला आणि २००८ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे. पान जसं दिसायला हवं तसंच दिसेल, एवढीच त्याची हमी. आतला मजकूर वाचता येईल, शोधता येईल, अशी हमी तो देत नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकाची पीडीएफ म्हणजे तर निव्वळ चित्रांची थप्पी. डीजेव्हीयू हा त्याचाच चुलतभाऊ. स्कॅनसाठीच बनवलेला, फाइल लहान ठेवणारा. जुन्या भारतीय पुस्तकांच्या संग्रहात तो अजून भेटतो.

ईपब वेगळ्या जातीचा. तो २००७ मध्ये आला आणि आता वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे आहे. त्याला ठरलेलं पानच नसतं. मजकूर पाण्यासारखा वाहतो आणि पडद्याच्या मापाचा होतो. आतून पाहिलं तर ईपब म्हणजे एक झिप गाठोडं आहे. पटत नसेल तर करून बघा. ईपबची एक नक्कल काढा, शेवटचं 'ईपब' पुसून तिथे 'झिप' लिहा आणि उघडा. आत वेबपानांसारखी प्रकरणं, चित्रं आणि क्रम सांगणारी एक यादी दिसेल. मोबी हा मोबीपॉकेट या कंपनीचा जुना फॉरमॅट, जी अ‍ॅमेझॉनने २००५ मध्ये विकत घेतली. किंडलचे पुढचे फॉरमॅट त्याच घराण्यातले. विकत घेतलेल्या पुस्तकावर पुष्कळदा डिजिटल कुलूप असतं, म्हणजे ते त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच उघडतं. कुलूप तोडायच्या भानगडीत पडू नका. पण असं पुस्तक आपल्या हातात किती दिवस राहील हा प्रश्न जरूर विचारा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली. समासातल्या तुमच्या टिपांवर प्रबंधाचं एक प्रकरण उभं असेल, तर पैसे परत मिळून काय उपयोग?

उघडायचं कशात? विंडोजवर सुमात्रापीडीएफ हा छोटासा मोफत प्रोग्रॅम पीडीएफ, ईपब, मोबी, डीजेव्हीयू सगळं उघडतो. लिनक्सवर ओक्युलर आहे. पुस्तकांची व्यवस्था लावायला आणि फॉरमॅट बदलायला कॅलिबर, जो कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केला आणि आजही मोफत आहे. फाइल उघडतच नसेल तर आधी विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल अशी सेटिंग करा. शेपूट खोटंही असू शकतं. शंका आली तर फाइलची नक्कल नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरं बघा. रोमन लिपीत टक्क्याच्या खुणेनंतर 'पीडीएफ' दिसलं तर ती पीडीएफ आहे, मग नाव काहीही असो. 'पीके' दिसलं तर ते झिप गाठोडं आहे, म्हणजे ईपब असण्याची शक्यता आहे.

इथपर्यंत सगळे सांगतात. संशोधकाचं काम इथून पुढे सुरू होतं.

गॅझेटियरची ईपब घ्या. इंटरनेट अर्काइव्हवर असे जुने ग्रंथ पीडीएफ, ईपब आणि साधा मजकूर अशा अनेक रूपांत मिळतात. वाटतं, ईपब घेऊ, फोनवर छान वाचता येईल. पण ही ईपब माणसाने तयार केलेली नाही. स्कॅनवरून यंत्राने अक्षरं ओळखली आणि गाठोडं बांधलं. असं केलं आहे, चुका असू शकतात, हे ते प्रामाणिकपणे सांगतातही. आपण ते पान न वाचता पुढे सरकवतो.

आता गॅझेटियरची छपाई आठवा. इंग्रजीत छापताना आपल्या नावांमधला दीर्घ 'आ' दाखवायला त्यांनी 'ए' या अक्षरावर तिरकी रेघ दिली. यंत्राला ती रेघ कळत नाही. अनेक ठिकाणी ते या अक्षराला 'डी' समजतं, कधी भलतंच चिन्ह टाकतं. परिणाम असा की 'सोपारा' शोधायला गेलात तर काही जागा सापडतात, काही सापडत नाहीत. हे पूर्ण शून्यापेक्षा वाईट. शून्य आलं तर निदान संशय येतो. आठ उत्तरं आली की आपण निश्चिंत होतो, आणि नववं राहून जातं. तक्त्यांचं तर बोलूच नका. उत्पन्नाचे, लोकसंख्येचे रकाने ईपबमध्ये एकमेकांत मिसळतात. तिथून आकडा उचललात तर तो कोणत्या तालुक्याचा हे सांगता येणार नाही. पृष्ठाच्या डोक्यावरचं शीर्षक मजकुराच्या मधोमध येऊन बसतं आणि मूळ पृष्ठक्रमांक हरवतो. मग तळटीप कशी देणार?

बखरीचं दुखणं उलटं आहे. तिचं स्कॅन दिसतं उत्तम, पण आत शोधण्याजोगा मजकूर नसेल तर पान पान वाचावं लागतं. आणि मी म्हणेन, वाचाच. समजा उद्या कुणी त्या स्कॅनवरून निर्दोष मजकूर काढून दिला, तरी आजच्या शुद्धलेखनाने शोध घेतलात तर फसाल. राजवाड्यांच्या काळची मराठी अनुस्वारांनी भरलेली आहे. आपण 'काही', 'नाही' लिहितो ते १९६२ च्या नियमांनंतर. जुन्या छापील मजकुरात 'कांहीं', 'नाहीं' असतं. म्हणजे फाइल बिनचूक असूनही शोध चुकतो. दोष यंत्राचा नाही, आपण प्रश्न आजच्या भाषेत विचारला त्याचा आहे.

जुनं सोडा, अलीकडे छापलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफची परीक्षा घ्या. परीक्षा अगदी सोपी आहे. ज्यात 'निर्मळ' किंवा 'अर्नाळा' असा शब्द आहे अशी एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. चारपैकी एक गोष्ट होईल.

काहीच आलं नाही, तर ते चित्र आहे. रोमन अक्षरांचा कचरा आला, तर पुस्तक श्रीलिपी किंवा योगेशसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती देवनागरी नाही. तिसरी शक्यता सगळ्यात फसवी: 'िनमर्ळ', 'अनार्ळा' असं काहीतरी येतं. अक्षरं देवनागरीच आहेत, पण पहिली वेलांटी आणि रफार कागदावर जिथे दिसतात त्या क्रमाने साठवले गेले आहेत. अशा फाइलमध्ये 'वसई' सापडतं, 'निर्मळ' सापडत नाही. कारण 'वसई'त वेलांटीही नाही आणि रफारही नाही. विद्यार्थी वसई शोधून बघतो, उत्तर येतं, फाइल चांगली आहे असं ठरवतो आणि निर्मळबद्दल 'उल्लेख नाही' लिहून मोकळा होतो. चौथी शक्यता म्हणजे शब्द जसाच्या तसा आला. तेव्हाच शोधखिडकीवर विश्वास ठेवा, आणि तोही जपून. 'किनाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. दिसायला एक, आतून वेगळा. म्हणून अशा शब्दाचा आधीचा तुकडा, नुसतं 'किना', टाकून शोधा.

आता टीका कुणावर? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासारखी संस्था आपली पुस्तकं संकेतस्थळावर मोफत देते, हे मोठंच काम आहे. पण त्यातली अनेक पुस्तकं म्हणजे छापील पानांची स्कॅन आहेत. सार्वजनिक पैशातून झालेलं पुस्तक दिसावं एवढं पुरेसं नाही, ते शोधता यावं, दृष्टिहीन विद्यार्थ्याला ऐकता यावं. खासगी प्रकाशकांनाही हेच लागू. युनिकोडमध्ये जुळवलेल्या पुस्तकाची नीट ईपब करायला वेगळी जादू लागत नाही. ईपबमध्ये छापील पृष्ठक्रमांकांची यादी देण्याची सोयही आहे. ती वापरली तर संशोधकाचा तळटिपेचा प्रश्न सुटतो. मराठी ई-पुस्तकांत ती क्वचितच दिसते, कारण कुणी मागत नाही.

चांगला नमुना हवा असेल तर मराठी विकिस्रोत बघा. तिथे स्कॅनचं पान आणि माणसांनी तपासलेला मजकूर शेजारी शेजारी असतो, पृष्ठक्रमांक टिकतो आणि ईपबही उतरवून घेता येते. शंका आली की डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची, बस. उणीव एकच, तपासणारे हात कमी आहेत.

तर तुमच्यासाठी चार गोष्टी. स्कॅन आणि मजकूर दोन्ही उतरवा. शोधायला मजकूर, उद्धृत करायला फक्त स्कॅन. पीडीएफची ईपब करून त्यावर काम करू नका. कॅलिबरची माहितीपुस्तिकाच सांगते की रूपांतरासाठी पीडीएफ हा सर्वांत वाईट फॉरमॅटांपैकी एक आहे. मूळ फाइलला हात न लावता ती वेगळी ठेवा आणि कुठून, कोणत्या तारखेला घेतली ते लिहा. आणि 'आढळत नाही' लिहायचंच असेल, तर कोणत्या प्रतीत, कोणकोणती रूपं टाकून शोधलं, की पानं प्रत्यक्ष वाचली, हे प्रबंधात एका ओळीत सांगा.

शिलालेखाचा ठसा कसा घेतला, हस्तलिखिताची प्रत कुणी उतरवली, हे विचारल्याशिवाय आपले जुने अभ्यासक पुढे जात नसत. फाइल हीसुद्धा उतरवलेली प्रतच आहे. ज्यांची गावं, वाड्या आणि माणसं या कागदांत एकदाच, एखाद्या ओळीत आली आहेत, त्यांच्यासाठी तुमचं 'आढळत नाही' हा शेवटचा शब्द ठरू शकतो. तो लिहिण्याआधी त्या प्रकरणाची पानं स्वतः उलटून बघा.