‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ : बंदूक, भय आणि एक अर्ज

मायकेल मूर यांच्या ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ (२००२) या माहितीपटास २००३ मध्ये ऑस्कर मिळाले. अमेरिकी शस्त्रसंस्कृतीच्या चर्चेत त्याचा उल्लेख आजही होतो. मात्र खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची तपासणी करणाऱ्या संघीय कायद्याच्या संदर्भात त्याची चिकित्सा केल्यास एक मूलभूत उणीव जाणवते.

आरंभीच्या प्रसंगात मिशिगनमधील एक बँक खातेदारास बंदूक भेट देते आणि प्रेक्षक हसतो. वास्तविक, कायदा प्रत्यक्ष काम करताना दिसतो तो येथेच! बँक परवानाधारक विक्रेती आहे. मूर विहित अर्ज भरतात, मानसिक स्थितीविषयीच्या प्रश्नावर विनोद करतात. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने ही तपासणी सक्तीची केली आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून ती राष्ट्रीय संगणकीय यंत्रणेद्वारे होऊ लागली. परंतु सक्ती परवानाधारकांपुरतीच होती. अधूनमधून शस्त्र विकणारा खासगी मालक तिच्याबाहेर राहिला.

कोलंबाइनच्या शोकांतिकेचा या पळवाटेशी थेट संबंध आहे. २० एप्रिल १९९९ रोजी १२ विद्यार्थी व १ शिक्षक यांचे बळी घेणाऱ्या हल्लेखोरांच्या चार शस्त्रांपैकी तीन, १९९८ मध्ये एका शस्त्रप्रदर्शनात, त्यांच्या सज्ञान परिचितामार्फत खासगी विक्रेत्यांकडून घेतली गेली. तेथे अर्ज नव्हता, तपासणीही नव्हती. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० मध्ये सार्वमताने प्रदर्शनांतील विक्रीस तपासणी लागू केली. मूर यांच्या युक्तिवादात या व्यवहारास मध्यवर्ती स्थान मिळत नाही. त्यांचे लक्ष भयावर, वृत्तवाहिन्यांवर आणि इतिहासावर खिळलेले आहे.

कॅनडाशी केलेली तुलनाही याच कारणाने लंगडी पडते. बंदुका तेथेही पुष्कळ आहेत, म्हणून दोष समाजमनाचा, असा निष्कर्ष सुचवला जातो; परंतु कॅनडात बंदूक बाळगणाऱ्यालाच परवाना लागतो, हा भेद दुर्लक्षित राहतो.

के-मार्टचा प्रसंग मात्र निःसंशय प्रभावी आहे. शरीरात गोळ्या घेऊन जगणारे दोन तरुण मुख्यालयात उभे राहतात आणि कंपनी पिस्तुलांच्या गोळ्यांची विक्री थांबवण्याचे जाहीर करते. या विजयाने प्रेक्षक सुखावतो. पण दुकानाने स्वेच्छेने सोडलेली विक्री आणि कायद्याने रोखलेली विक्री यांतील अंतर माहितीपट मोजत नाही. २०२२ च्या संघीय कायद्याने विक्रेत्याची व्याख्या व्यापक केली आणि २१ वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून तपासणी आणली. अधूनमधून विकणारा खासगी मालक तरीही संघीय सक्तीबाहेरच आहे.