लाळेची चाचणी : स्वस्त खरी, पण खात्रीची किती?

कोविडच्या साथीत, नाकात खोलवर काडी घालण्याऐवजी लाळ तपासावी, ही कल्पना पुढे आली. अमेरिकेतील येल विद्यापीठाची ‘सलायव्हाडायरेक्ट’ ही त्यांतली गाजलेली पद्धत. १५ ऑगस्ट २०२० रोजी तेथील अन्न व औषध प्रशासनाने तिला आणीबाणीतील वापरासाठी परवानगी दिली. तिचे गुणदोष पाहू.

साध्या नळीत लाळ घ्यायची, प्रोटिनेज-के हे विकर मिसळायचे, ९५ अंश सेल्सिअसला पाच मिनिटे तापवायचे आणि थेट पीसीआर यंत्रात तपासायचे. विकर लाळेतील प्रथिने तोडते. उष्णता मग विकरालाच निकामी करते. आरएनए वेगळा काढण्याची खर्चिक पायरी गाळल्यामुळे रसायनांचा खर्च नमुन्यामागे पाच डॉलरच्या आत आला. शिवाय विषाणूबरोबर माणसाचे एक जनुकही शोधले जाते. दोन्ही सापडली नाहीत, तर ‘संसर्ग नाही’ असे न म्हणता नमुनाच बाद ठरवतात. स्वतःवर ठेवलेला हा पहारा आम्हांला या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आता आक्षेप. पहिला, ‘स्वस्त’ या शब्दावर. रसायने स्वस्त झाली. पीसीआर यंत्र आणि प्रशिक्षित हात स्वस्त झाले नाहीत. नागपूरच्या ‘नीरी’ने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची सोपी पद्धत काढली. २०२१ साली तिला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मान्यता मिळाली. पण तपासणीसाठी तिलाही पीसीआर यंत्र लागतेच.

दुसरा, मोजपट्टीवर. लाळेचे निष्कर्ष नाकातील नमुन्याशी सुमारे ९४ टक्के जुळले. पण नाकाचा नमुना म्हणजे अंतिम सत्य नव्हे. येलच्याच गटाला रुग्णालयातील ७० बाधितांच्या लाळेत नाकातल्यापेक्षा विषाणूचा आरएनए अधिक आढळला होता. मोजपट्टीच वाकडी असेल, तर जुळण्याचा टक्का पुरेसा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, आणि वर्गात फळ्यावर मांडता येण्याजोगा. समजा, १०,००० लोकांत १०० बाधित आहेत. चाचणी बाधितांपैकी ९४ टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९९ टक्क्यांना निरोगी ठरवते. म्हणजे ९४ बाधित सापडतील, ६ निसटतील; आणि ९,९०० निरोग्यांपैकी ९९ जण विनाकारण बाधित ठरतील. एकूण १९३ जणांपैकी निम्म्याहून अधिक निरोगीच! बाधित २,००० असते, तर तीच चाचणी १,९६० जणांना बाधित ठरवते आणि त्यांतले १,८८० खरोखर बाधित असतात. चाचणी बदलली नाही, गाव बदलले. म्हणून नुसती टक्केवारी सांगणे अपुरे आहे.

विश्वासार्हता वाढवायची तर नवे रसायनच हवे असे नाही. लाळ देण्यापूर्वी अर्धा तास खाणेपिणे टाळावे. बाधित ठरलेल्याची पुन्हा तपासणी नव्या नमुन्यावर करावी. जुनाच नमुना दूषित असेल, तर चूकही पुन्हा तीच होईल. लक्षणे असूनही निष्कर्ष नकारात्मक आला, तर एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासावे.

निसटलेल्या सहांपैकी एखाद्याच्या घरी वृद्ध आजी असते. चुकून बाधित ठरलेल्या ९९ जणांत रोजंदारीवर जगणारेही असतात. म्हणून चाचणी नाकारू नये, पण तिच्या निष्कर्षाला निकालपत्र न समजता पुरावा समजावे. एवढे विद्यार्थ्यांना उमगले, तरी फळ्यावरचे गणित कारणी लागले असे आम्ही म्हणू.