रूपकामागचा माणूस

बोस्टनच्या ललितकला-संग्रहालयांतील घुमटावर सार्जंटनें १९२१ सालीं पुरीं केलेलीं रूपकचित्रें डोळ्यांस सुखवितात, मनास हालवीत नाहींत. अपोलो, कलादेवता, काळापासून कलांचें रक्षण करणारी अथीना, सारींच गोरीं आणि गुळगुळीत!

त्यांच्यासाठीं कोळशानें केलेलीं अभ्यासचित्रें गार्डनर संग्रहालयांत आहेत, तीं पाहावींत. तेथें खरा देह आहे: हॉटेलांत लिफ्ट चालविणाऱ्या टॉमस मॅकेलर या कृष्णवर्णी तरुणाचा. त्याच्या अंगकाठीवरून देवच नव्हे, देवीहि घडल्या. घुमटावर चढतांना मात्र त्याचा वर्ण व चेहरा नाहींसा झाला. रूपकास विशिष्ट व्यक्ति मानवत नाहीं, असें कोणी म्हणेल. पण कागदावर सावध असलेला हात घुमटावर सैल पडला, त्याचें कारण मला या पुसून टाकण्यांतच दिसतें. २०२० सालीं हीं रेखाटनें मॅकेलरच्या नांवासह प्रदर्शनांत मांडलीं गेलीं.