यंत्र बिघडले, आरोपी कोण?

पोलीस विरुद्ध यंत्रमानव अशा झटापटीचे चित्रपट आपल्या घरांतून पाहिले जातात ते बहुधा मुलांच्या हट्टापायी. मला मात्र हा प्रकार मनापासून आवडतो, आणि तो माझ्या पोटापाण्याशीही जवळचा आहे. कारखान्यातील यंत्रांच्या नियंत्रण-प्रणाली तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. म्हणून या चित्रपटांकडे मी एकच प्रश्न घेऊन जातो : यंत्राच्या हातून माणूस दगावला, तर पोलिसांनी बेड्या कोणाला घालायच्या?

मायकेल क्रायटनचा 'रनअवे' (१९८४) हा या दृष्टीने फार लोभस सुरुवात करतो. टॉम सेलेकने रंगवलेला सार्जंट जॅक रॅमसे हा बिघडलेली यंत्रे आवरणाऱ्या पोलीस पथकात आहे. इथले रोबो माणसासारखे दिसत नाहीत. चाके लावलेल्या पेट्याच त्या. मक्याच्या शेतात कीड वेचणारे यंत्र भरकटते, रॅमसे जाऊन ते बंद करतो. नळ गळतो म्हणून प्लंबरला बोलवावे, इतके हे साधे. आणि मग एका घरातले घरकाम करणारे यंत्र घरच्यांचाच जीव घेते, आत तान्हे मूल अडकलेले असते. हा प्रसंग पाहताना आजही माझे तळवे घामेजतात, कारण ते यंत्र राक्षस वाटत नाही, आपल्या स्वयंपाकघरातले वाटते.

पण त्यानंतर यंत्रात एक चिप सापडते आणि तिच्यामागे ल्यूथर नावाचा खलनायक. 'किस' या रॉक बँडचा जीन सिमन्स ही भूमिका डोळे वटारून करतो. विषारी कोळी-यंत्रे आणि माणसाचा पाठलाग करणाऱ्या गोळ्या येतात, करमणूक उत्तम होते. पण मूळ प्रश्न तिथेच संपतो. एक दुष्ट माणूस मेला की सगळ्या घरांतली यंत्रे पुन्हा विश्वासू! ती कोणी विकली, कोणी तपासली, हे कोणी विचारतच नाही.

आमच्या व्यवसायात या ल्यूथरचा एक सख्खा भाऊ आहे. अपघात-अहवालात त्याचे नाव 'ऑपरेटरची चूक' असे असते. मी काम केलेल्या एका ठिकाणी ही दोन अक्षरे, म्हणजे दोन शब्द, लिहिले की फाईल मिटत असे. मी तेव्हा त्यावर वाद घातला आणि तो मला महागातही पडला. चित्रपटातला खलनायक आणि अहवालातला ऑपरेटर एकच काम करतात : बाकी सगळ्यांना घरी जायची परवानगी देतात.

पॉल व्हर्होव्हनचा 'रोबोकॉप' (१९८७) अशी परवानगी देत नाही. कंपनीच्या बैठकीत ईडी-२०९ या पोलीस-यंत्राचे प्रात्यक्षिक चालू असते. एक तरुण अधिकारी सांगितल्याप्रमाणे पिस्तूल रोखतो, मग खाली टाकतो. यंत्राला ते कळत नाही आणि ते त्याच्या चिंधड्या उडवते. त्यावर अध्यक्षांना काळजी पडते ती व्याजाच्या भुर्दंडाची. पुढे कळते की रोबोकॉपच्या मेंदूत एक गुप्त कलम आहे : कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करता येणार नाही. तो तसा प्रयत्न करतो तेव्हा त्याचे शरीरच संप पुकारते. हे कलम कोणीतरी टेबलाशी बसून, डोके शाबूत ठेवून लिहिलेले आहे. त्यात बिघाड कुठेच नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

आयझॅक असिमॉव्हने हे आधीच हेरले होते. 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४) या कादंबरीत इलायजा बेली या पोलिसाला आर. डॅनील हा यंत्रमानव जोडीदार म्हणून मिळतो. माणसाला इजा करू नये हा नियम यंत्राच्या मेंदूत कोरलेला, तरी खून झालेला. रहस्य फोडत नाही; एवढेच सांगतो की निरपराध यंत्राकडूनही माणूस काय काय करून घेतो, हे बेलीला शोधावे लागते.

हे सारे कल्पनेतले म्हणून सोडून देता येत नाही. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगनमधील फ्लॅट रॉक येथे फोर्डच्या कारखान्यात यंत्राच्या हाताचा तडाखा बसून पंचवीस वर्षांचा कामगार गेला. १९८३ साली ज्युरीने त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर्स भरपाई द्यायला सांगितले, ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीला. जुलै २०१६ मध्ये डॅलसच्या पोलिसांनी, पाच सहकारी गमावल्यानंतर, दूरनियंत्रित रोबोवर स्फोटके ठेवून हल्लेखोराला ठार केले. तिथे रोबो फक्त हमाल होता. निर्णय माणसांचाच होता.

आपल्यापैकी कितीतरी जण अशाच प्रणाली लिहितात, तपासतात, त्यांवर सही करतात. म्हणून सुचवतो : 'रनअवे'चा पूर्वार्ध जरूर पाहा. 'रोबोकॉप' मुले झोपल्यावर लावा, रक्तपात फार आहे. कॉलेजात इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलामुलीला मात्र असिमॉव्ह भेट द्या. पहिल्या नोकरीत एखादा अहवाल सहीसाठी समोर येईल, तेव्हा बेलीची चिकाटी त्यांच्या उपयोगी पडेल.