दाम्पत्याची प्रेमकथा

प्रेमकथा विवाहापाशीं संपावी, असा आमच्या कादंबऱ्यांचा जुना शिरस्ता आहे. मंगलाष्टकें झालीं कीं पडदा! दाम्पत्याची प्रेमकथा मात्र तेथूनच सुरू होते, आणि म्हणूनच ती लिहिणें अधिक कठीण.

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें १९१४ सालीं जन्मलेले बाबा आमटे व नागपूरच्या घुले घराण्यांतील साधनाताई यांचीच कथा पाहा. लग्नघरीं एका म्हाताऱ्या मोलकरणीला गुपचूप मदत करणारी मुलगी बाबांनीं पाहिली व तिलाच मागणी घातली. १९४६ सालीं त्यांचा विवाह झाला. बाबांची कथा सांगणारे या प्रसंगावर लुब्ध होतात, तें स्वाभाविकच आहे. परंतु तेथें पाहणारे बाबा. ती केवळ पाहिली जाते. वकिली सोडून कुष्ठरोग्यांची सेवा पत्करणाऱ्या पतीबरोबर, दोन लहान मुलांना घेऊन, १९५१ सालीं वरोऱ्याजवळच्या रानांत राहावयास जाणाऱ्या स्त्रीच्या मनांत काय होतें? या प्रेमाची खरी पारख या प्रश्नापाशीं होते.

त्याचें उत्तर तिनेंच द्यावयास हवें. साधनाताईंच्या 'समिधा' या आत्मकथनाचें मोल यांत आहे. त्याला बाबांच्या चरित्राची पुरवणी मानणें अन्यायाचें होईल. त्या नांवालाही वाचकानें फार भुलूं नये. समिधा जळते, आणि स्तुति मात्र अग्नीची होते!

हा धोका आमच्या वाङ्मयांत नवा नाहीं. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणींच्या नांवांत 'आमच्या आयुष्यातील' असा शब्दप्रयोग आहे. पण आंत पतीविषयींचा आदर इतका उत्कट, कीं 'आम्ही' मधील 'मी' पुष्कळदां नतमस्तकच दिसते. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें' मध्यें निराळी वाट काढली. पतीच्या लहरीपणाला त्या मनमोकळ्या हंसल्या, आणि त्या हंसण्यानेंच त्यांचें प्रेम वाचकास पटलें. कवि अनिल व कुसुमावती देशपांडे यांच्या 'कुसुमानिल' मध्यें दोन्ही आवाज आहेत. पण तीं पत्रें विवाहापूर्वींचीं.

पती थोर असला म्हणजे पत्नीच्या प्रेमाला भक्तीचें रूप देणें सोपें असतें. पुढें कोणी ही कथा लिहावयास बसेल, त्यानें तिच्या त्यागाचे गोडवे गाण्यापूर्वीं तिचा राग, तिची भीति व तिचा हट्ट यांना जागा द्यावी. त्यांवांचून तिचें प्रेमही आम्हांस कळणार नाहीं.