टबात बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी

आंघोळ करणाऱ्या स्त्रीची चित्रं युरोपच्या कलेत शेकड्यांनी सापडतात. त्यातल्या बहुतेक चित्रांत बाई पाण्यात असते आणि चित्रकार बाहेर उभा असतो. आपणही त्याच्याच शेजारी उभे राहून पाहतो. पाठीचा बाक दिसतो, ओले केस दिसतात, खिडकीतून आलेला उजेड दिसतो. ते पाणी तिच्या अंगाला कसं लागतंय, हे मात्र आपल्यापर्यंत पोचत नाही. मेक्सिकोच्या फ्रीडा काहलोनं 1938 मध्ये पाहणाऱ्याची ही जागाच बदलून टाकली. ‘पाण्यानं मला जे दिलं’ या तैलचित्रात ती स्वतः टबात बसली आहे, आणि तिनं आपल्यालाही तिच्याच जागी बसवलं आहे. तिच्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. दीर्घकाळच्या वेदनेवर आणि थकव्यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं, रंगवलं गेलं. पण दुखऱ्या शरीराची आंघोळ इतक्या आतून दाखवणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

चित्र उभं आहे, उंचीला जेमतेम तीन फूट. समोरच्या टोकाला टबाची भिंत आणि तिला टेकलेली दोन पावलं. बोटं पाण्याबाहेर आली आहेत, घोटे पाण्यात आहेत. आपल्या बाजूला, खाली, मांड्या पाण्याखाली अंधूक दिसतात. चेहरा कुठेच नाही. आयुष्यभर स्वतःचा चेहरा रंगवणाऱ्या, जुळलेल्या भुवयांमुळे जगभर ओळखल्या जाणाऱ्या चित्रकर्तीनं इथे तो चौकटीबाहेर ठेवला. त्याचं कारण साधं आहे. आंघोळीला बसल्यावर कुणालाच आपला चेहरा दिसत नाही. दिसतात ते गुडघे, पोटऱ्या, पावलं. ज्याचं शरीर दुखतं त्याला तर तेच अवयव आधी दिसतात, कारण दिवसभराचा हिशेब त्यांच्याकडेच असतो.

या पावलांना मोठा इतिहास आहे. फ्रीडाचा जन्म 1907 चा. सहाव्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. 17 सप्टेंबर 1925 रोजी, ती अठरा वर्षांची असताना, ती बसली होती त्या बसला ट्रामनं धडक दिली. लोखंडी दांडा ओटीपोटातून आरपार गेला. पाठीचा कणा मोडला, ओटीपोटाची हाडं मोडली, उजव्या पायाची हाडं अनेक ठिकाणी तुटली आणि पाऊल चिरडलं. पुढची सगळी वर्षं शस्त्रक्रिया, प्लास्टरचे आणि पोलादाचे कॉर्सेट आणि बिछाना यांच्यात गेली. 1934 मध्ये याच उजव्या पावलावर शस्त्रक्रिया झाली होती. चित्र रंगवलं तेव्हा ती तिशीत होती, आणि तिच्या दुखण्याचं वय बारा-तेरा वर्षांचं झालं होतं.

आता ते उजवं पाऊल जवळून पाहा. अंगठ्यापाशी कातडी भेगाळली आहे, तिथून रक्त आलं आहे. आणि त्याच बोटांच्या नखांना लाल रंग लावलेला आहे. नखांचा लाल आणि जखमेचा लाल एकमेकांपासून बोटभर अंतरावर आहेत. मला हे या चित्रातलं सगळ्यांत धीट स्थळ वाटतं. पाठ धरलेल्या माणसाला पायाच्या नखांपर्यंत हात नेणं म्हणजे डोंगर चढणं असतं. तरी या दुखऱ्या, वाकड्या, भेगाळलेल्या पावलाला नटवलेलं आहे. दुखणं लपवण्यासाठी हा शृंगार केलेला नाही, कारण जखम उघडीच आहे. जे शरीर रोज त्रास देतं तेही आपलंच आहे आणि त्याचेही लाड करायचे असतात, एवढं ही लाल नखं सांगतात. आजारी माणसाच्या आंघोळीतही हाच भाव असू शकतो, पण घाईच्या घरात तो कुणाच्या लक्षात येत नाही.

पावलांचं पाण्यात प्रतिबिंब पडलं आहे, त्यामुळे प्रत्येक बोट दुहेरी झालं आहे. वरची बोटं आणि खालची बोटं मिळून एक विचित्र, खेकड्यासारखा आकार तयार होतो. आपलाच पाय आणि तरी अनोळखी! दीर्घ दुखण्यात शरीराशी असंच नातं होतं. सकाळी ताठरलेली बोटं उघडताना क्षणभर वाटतं की ही आपली नव्हेतच, कुणी तरी रात्रीत आणून जोडली आहेत. फ्रीडानं हे सांगायला वेगळा राक्षस रंगवला नाही. पाण्याचा आरसा होण्याचा स्वभाव तिनं तेवढ्यासाठी कामाला लावला. निरीक्षण अगदी साधं आहे; कुणीही टबात किंवा तळ्यात पाय सोडून ते पडताळून पाहू शकतं. चित्राची ताकद अशा पडताळता येणाऱ्या गोष्टींतच आहे.

पाण्यावर मात्र एक अख्खं जग तरंगत आहे. ज्वालामुखी आहे आणि त्याच्या तोंडातून न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत वर आली आहे. जवळच सांगाडा बसला आहे. झाडावर अवाढव्य मेलेला पक्षी आहे. भोकं पडलेला शंख आहे, त्यातून पाण्याच्या धारा उडतात. पानांआडून आईवडील पाहत आहेत. 1936 मध्ये तिनं आपल्या घराण्याचं जे चित्र काढलं होतं, त्यातलेच ते. दोन विवस्त्र स्त्रिया आहेत, एक गोरी, एक सावळी. त्या पुढच्याच वर्षी तिच्या दुसऱ्या एका चित्रात पुन्हा भेटतात. म्हणजे मागची आणि पुढची चित्रं या एका पाण्यात एकत्र आली आहेत. हे चित्र आपल्या सरत गेलेल्या काळाचं, लहानपणी टबात खेळलेल्या खेळांचं आणि नंतर वाट्याला आलेल्या दुःखाचं आहे, असं तिनं स्वतःच न्यूयॉर्कचे कलादालनचालक जुलियन लेव्ही यांना सांगितलं होतं.

या पसाऱ्यात मला एक रिकामा पोशाख पुन्हा पुन्हा थांबवतो. मेक्सिकोतल्या तेवाना बायकांचा लांब, घेरदार पेहराव पाण्यावर पसरला आहे आणि आत कुणीच नाही. फ्रीडाची जगाला असलेली ओळख याच पेहरावाची. त्याच्या घेराखाली तिचा बारीक पाय झाकला जाई. आंघोळीला बसल्यावर पेहराव बाजूला झाला, आणि तो जे झाकत होता ते समोरच्या टोकाला उघडं आहे. दिवसभर आपण दुखणं कपड्यात, चालण्याच्या ढबीत, ‘बरी आहे’ या उत्तरात गुंडाळून ठेवतो. आंघोळीत ते सगळं उतरतं. नव्यानं आजारी पडलेल्या अनेकांना आंघोळीचा धसका बसतो, त्यात श्रमाइतकाच वाटा या उघडं पडण्याचा असतो. फ्रीडानं एक पेहराव तरंगत ठेवून ते दाखवलं, आणि एवढं पुरलं.

चित्राच्या मधोमध एक छोटी विवस्त्र बाई पाण्यात निपचित आहे. तिच्या गळ्याला दोर आहे. दोराचं टोक काठावर पहुडलेल्या मुखवटाधारी पुरुषाच्या हातात आहे. आणि त्या ताणलेल्या दोरावरून किडे, एक साप, एक चिमुकली नर्तिका डोंबाऱ्याच्या खेळासारखी चालली आहेत. गळ्याला फास आणि त्याच दोरावर नाच! वेदनेच्या दिवसांचं याहून खरं वर्णन अवघड आहे. तो पुरुष कोण, यावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला त्याच्या ओळखीपेक्षा त्याची पहुडण्याची पद्धत महत्त्वाची वाटते. त्याला घाई नाही. तो दोर जोरानं ओढतही नाही, नुसता धरून आहे. जुनाट दुखणं असंच वागतं.

इथे स्वतःबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण हे चित्र मला संधिवातानं वाचायला शिकवलं. टब माझ्या घरात नाही. बादली, तांब्या आणि प्लॅस्टिकचं स्टूल आहे. पण स्टुलावर बसून खाली पाहिलं की दृश्य तेच असतं: मांड्या, गुडघे, पावलं. भरलेला तांब्या उचलताना मनगटात कळ येते. केस धुवायचे असले की हात खांद्यांच्या वर धरून ठेवावे लागतात, आणि शांपू निघेपर्यंत खांदे भरून येतात. मग अंग पुसणं, वाकून पाय कोरडे करणं, ओलसर अंगावर कपडे चढवणं. लोक ताजंतवानं व्हायला आंघोळ करतात. आमच्यापैकी अनेकांना आंघोळीनंतर आडवं व्हावं लागतं. यात आळसाचा संबंध नाही. गरम पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि हृदयाला जास्त पळावं लागतं. निरोगी शरीर हे सहज सांभाळतं. आधीच थकलेल्या शरीराला त्याचीच घेरी येते.

आणि तरी गरम पाण्यासारखा सोबतीही नाही. छातीपर्यंत पाण्यात गेलं की सांध्यांवरचा भार पाव ते एक-तृतीयांशावर येतो, मानेपर्यंत गेलं तर दहाव्या हिश्शावर. स्नायू सैल होतात, ठणका मागे सरकतो. आधार आणि खर्च दोन्ही एकाच पाण्यात असतात. फ्रीडाच्या चित्राचा क्षण नेमका याच जागचा आहे. टबात शिरण्याची खटपट होऊन गेली आहे, बाहेर पडण्याची अजून व्हायची आहे. मध्ये थोडा वेळ मिळाला आहे, शरीर हलकं झालं आहे, आणि तेवढ्यात मनात दाबून ठेवलेलं सगळं वर येतं. पाणी राखाडी-निळं आहे, थंडावत चाललेलं असावं असं वाटतं. कधी तरी उठावं लागणार, ही जाणीव त्या फिक्या रंगात आहे. ज्याला टबाची कड धरून उठणं म्हणजे काय ते माहीत आहे, त्याला त्या पाण्यात थोडं जास्त बसून राहणंही कळेल.

1938 मध्ये फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ मेक्सिकोत आला होता. त्यानं हे चित्र पाहिलं आणि फ्रीडाला अतिवास्तववाद्यांच्या गोतावळ्यात जमा केलं. तिनं पुढे ते नाकारलं. आपण स्वप्नं रंगवत नाही, आपलं वास्तव रंगवतो, अशी तिची भूमिका होती. मी तिच्या बाजूनं आहे. निरोगी माणसाला या टबातला ज्वालामुखी स्वप्नातला वाटेल. रोज दुखणाऱ्याला तो बातमीसारखा खरा वाटतो.

तुलनेसाठी पिएर बोनार या फ्रेंच चित्रकाराकडे पाहावं. त्याची पत्नी मार्त दीर्घकाळ आजारी असे आणि तासन्तास पाण्यात राही. बोनारनं तिला टबात पुन्हा पुन्हा रंगवलं. लंडनच्या टेट संग्रहात त्याचं 1925 चं ‘आंघोळ’ हे चित्र आहे. त्यात टबात लांब पसरलेली मार्त आणि वरून कापल्यासारखी चौकट आहे. ती चित्रं अतिशय हळवी आहेत, त्यांतल्या रंगांना तोड नाही. बोनार आठवणीतून रंगवी, आणि मार्त पन्नाशी ओलांडून गेली तरी त्याच्या टबातली मार्त तरुणच राहते. हे प्रेम आहे, पण बाहेरून पाहणाऱ्याचं प्रेम आहे. सोबत करणाऱ्याला आजारी माणसाचं सौंदर्य दिसतं, पाण्यातल्या माणसाला अंगठ्याची भेग दिसते. दोन्ही खरं. पण पहिलं सांगणारी चित्रं पुष्कळ आहेत, दुसरं सांगणारं हे एकच माझ्या पाहण्यात आहे.

या चित्राला एका फार मोठ्या छायाचित्रकर्तीनं उत्तर दिलं आहे. 1953 मध्ये फ्रीडाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि 13 जुलै 1954 रोजी, 47 व्या वर्षी, ती गेली. कोयोआकानमधल्या तिच्या ‘निळ्या घरा’तलं न्हाणीघर त्यानंतर अर्धं शतक बंद होतं. ते 2004 मध्ये उघडलं तेव्हा आत तिचे कॉर्सेट, कुबड्या, कृत्रिम पाय असं सामान निघालं. ग्रासिएला इतुर्बिदे यांनी त्याची छायाचित्रं घेतली. त्यांतल्या एकात त्या स्वतः तिथल्या टबात आहेत आणि समोर त्यांची पावलं दिसतात, अगदी फ्रीडाच्या चित्रातल्यासारखी. एका बाईनं मोकळी ठेवलेली जागा दुसरीनं घेतली. चौकटीत चेहरा नसल्याचा खरा उपयोग तिथे कळतो: त्या टबात कुणालाही बसता येतं.

म्हणून माझ्या मते हे फ्रीडाचं सर्वांत उदार चित्र आहे. तिची आत्मचित्रं आपल्याकडे रोखून पाहतात आणि आपल्याला प्रेक्षक ठेवतात. हे चित्र आपल्याला दुखणाऱ्या शरीरात बसवतं आणि म्हणतं, आता इथून पाहा. वाचकहो, तेवढं पाहून झालं की आपल्या घरातल्या न्हाणीघराकडेही पाहा. तिथे भक्कम स्टूल ठेवा, भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या, पायाखाली न घसरणारी चटई असू द्या, टॉवेल हाताच्या अंतरावर टांगा. पाणी कढत नको, सोसेल इतकंच गरम असू द्या. घरातलं कुणी म्हणालं की आज डोक्यावरून नको, किंवा आज नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसते, तर पारोसं राहिल्याचा टोमणा मारू नका. आणि आंघोळ करून ते माणूस बाहेर आलं की अर्धा तास त्याला कोणतंही काम सांगू नका. एक काम ते नुकतंच करून आलेलं असतं.